पिंगळीला जायलोय

आमचे घरमालक कुठेही निघाले की एकच सांगत, "पिंगळीला जायलोय." दाढीला निघाले तरी पिंगळी, डोळे तपासायला निघाले तरी पिंगळी. परभणीहून रेल्वेने थोड्या मिनिटांवर असलेल्या त्या गावात त्यांचं शेत नव्हतं, सोयरं नव्हतं, ओळखीचं कुत्रंही नव्हतं. मी अकरा वर्षं त्यांची भाडेकरू होते. तेवढ्या काळात ते एकदाही पिंगळीला उतरले असतील असं मला वाटत नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेचं भांडार सांभाळते. परीक्षानळ्या मोजणं आणि फुटलेल्यांची नोंद ठेवणं हे माझं कामच. त्यांच्या खालच्या दोन खोल्यांत राहायला आले, त्या दिवशी मी आधीपासूनच्या मोडतोडीची यादी केली. खिडकीची तडकलेली काच, ओट्याचा उडालेला टवका, न्हाणीतला गळका नळ. खाली त्यांची सही मागितली. त्यांनी यादी तीनदा वाचली, नळ गळतो का ते स्वतः जाऊन बघितलं, सही केली आणि म्हणाले, "बाई, तुमचा कुणावर भरोसा दिसत न्हाई. चांगलं हाय."

अकरा वर्षांत त्यांच्याकडून मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

ते येलदरीच्या वीजघरात ऑपरेटर होते. गल्लीत सगळे त्यांना ऑपरेटरकाका म्हणत. उभी नोकरी यंत्रांवरचे काटे बघण्यात गेलेली. काट्यावर त्यांचा विश्वास होता, पण टिचकी मारल्यानंतरच. "टिचकी मारल्याबिगर काटा खरं बोलत न्हाई," असं ते म्हणत आणि ही टिचकी त्यांनी निवृत्तीनंतर सगळ्या जगाला लावली. भाजीवाल्याच्या तराजूला टिचकी, गॅसच्या टाकीला टिचकी. माझ्या सासूबाईंचा ताप मोजायला डॉक्टर आले, तेव्हा यांनी पुढे होऊन थर्मामीटरला टिचकी मारली होती.

बाहेर जाताना ते कुलूप लावत आणि कडीला एक काळा दोरा बांधत. "लोक कुलूप बघत्यात. दोरा कोण बघतंय?" छतावरच्या टाकीत रोज काठी बुडवून पाणी बघत. एका सकाळी दारात येऊन उभे राहिले.

"पाहुणे आले होते का?"

"आले होते."

"दोन?"

दोनच आले होते. माझी नणंद आणि तिची मुलगी. पाणी किती बोटं उतरलं त्यावरून त्यांनी काढलं होतं.

रविवारी मात्र पिंगळीला फार महत्त्व येई. भल्या सकाळी छत्रीच्या खोळीत काहीतरी घालून, खांद्याला कापडी पिशवी अडकवून ते स्टेशनच्या दिशेने निघत. स्टेशनला वळसा घालून बसस्थानकावर येत. जिंतूरची बस धरत. बोरीला उतरत. चहा घेत आणि आपल्याबरोबर आणखी कोण उतरलं ते बघत. मग मागून येणाऱ्या बसने पुढे. हे मला कळलं, कारण एकदा मी परीक्षेच्या कामासाठी त्याच बसने जिंतूरला चालले होते. ते खाली उतरले, मागे वळले आणि खिडकीत मी.

दुसऱ्या दिवशी जिन्याशी गाठ पडली. "बाई, काल बोरीत काय काम काढलं होतं?"

"मी बोरीत उतरलेच नाही काका. तुम्ही उतरलात."

"मी पिंगळीला होतो," ते म्हणाले. सरळ माझ्या डोळ्यांत बघून.

संध्याकाळी ते परतत तेव्हा पिशवीत वरून मेथी असे आणि खालून सगळ्या जिन्याला माशांचा वास. खोळीत गळाची काठी असे, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. येलदरी धरणाच्या फुगवट्यावर त्यांची एक जागा होती. तिथे रोहू आणि मरळ त्यांना कधी रिकाम्या हाती पाठवत नसत. ती जागा कुठे आहे ते त्यांच्या बायकोलाही शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आणि मुलीला तर नाहीच. येलदरीला वीजघराच्या वसाहतीत राहत असताना दर रविवारी ती दाराशी चपला घालून उभी राही, "बाबा, मी पण येते." हे म्हणत, "पिंगळीला जायलोय. तिथं काय हाय तुझं?" वीजघराच्या वसाहतीतून पिंगळीला निघायचं तर जवळजवळ अख्खा जिल्हा ओलांडावा लागतो. पोरीला ते कळत नसेल असं त्यांना खरंच वाटत होतं.

ती मुलगी पुढे नर्स झाली आणि ऑस्ट्रेलियात गेली. नकाशात त्या देशाच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे बोट ठेवलं की अर्धं समुद्रात जातं, अशा गावात. दोन वर्षांतून एकदा यायची. एके दिवशी कॉलेजात असताना मला तिचा फोन आला.

"ताई, मी फोन केला ते बाबांना सांगू नका."

अशा वाक्याला मी पेन्सिल हातात घेते. तिने पाच गोष्टी विचारल्या. बाबांचं वजन किती, उंचावर चक्कर येते का, गुडघा नीट वाकतो का, पोहायला अजून जमतं का. पाचवी जरा थांबून विचारली, "आणि घराचे कागद हल्ली कुठं ठेवतात ते?" कशासाठी, तर "नंतर सांगते ताई."

मी यादीकडे बघत बसले. पहिल्या चार गोष्टींचा काहीतरी अर्थ लागत होता. पाचवीचा मला एकच अर्थ दिसला.

इथे मला माझ्याबद्दलही लिहिलं पाहिजे. माझ्या खोल्यांना पूर्वेची खिडकी होती. कॉलेज चालत दहा मिनिटांवर. सासूबाईंना जिना चढावा लागत नव्हता आणि माझे यजमान नोकरीमुळे आठवडाभर नांदेडला असत, तेव्हा मालक वर असण्याचा आधार होता. घर विकलं गेलं तर हे सगळं जाणार. दुसऱ्या सकाळी मी वर जाऊन काकांना सांगितलं की तुमची मुलगी कागदांचं विचारत होती. भाडेकरू म्हणून माझं कर्तव्य आहे, असं मी स्वतःला सांगितलं होतं. ते कर्तव्य नव्हतं. मी माझ्या खोल्या वाचवत होते.

त्यांनी पाण्याच्या पेल्याला टिचकी मारली. "ही गोष्ट आधी विचारली का शेवटी?"

"शेवटी."

"मग तेच खरं काम."

आठवड्याने मुलीचा त्यांना फोन आला. तीन आठवड्यांसाठी या, तिकीट काढलंय. आणि एक दिवस आपण मासे धरायला जायचं. हेलिकॉप्टरने. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे मी जिन्यातच थांबले.

"मासे धरायला हेलिकॉप्टर?"

"रस्ताच नाही बाबा तिथं. नुसती दलदल आणि खाड्या. वरूनच उतरावं लागतं. बरोबर माहीतगार माणूस असतो. बॅरामंडी म्हणून मासा आहे, फार जोरकस."

फोन ठेवून ते जिन्यात आले, मी तिथे असणारच हे धरून. "रस्ता न्हाई म्हणजे परत बी येता येत न्हाई. सही केल्याबिगर."

निघताना त्यांनी मला किल्ली दिली, पोचपावती घेतली आणि सूचनांचे दोन कागद दिले. घराचं खरेदीखत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पंच्याने पोटाला बांधून ते विमानात बसले. सामानात आणखी एक पुडी होती: ज्वारीचं पीठ, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, हिंग आणि चौथी एक वस्तू, जी ते कोणाला सांगत नसत. गळाला लावायचं आमिष. तिकडच्या विमानतळावर ती पुडी काढून घेतली. खाण्याचं, बियाण्याचं काही आत नेता येत नाही म्हणे. काकांच्या मते कारण वेगळं होतं. "हुंगलं त्या बाईनं. दोनदा हुंगलं. गेला माझा फॉर्म्युला तिथल्या सरकारकडं."

परत आल्यावर ते ओट्यावर बसून हेलिकॉप्टरची हकीकत हप्त्याहप्त्याने सांगू लागले. समोरचे निवृत्त तलाठी गल्लीच्या वतीने उलटतपासणी घेत.

"फोटो दाखवा की, ऑपरेटर."

"पोरीनं काढले होते. पुसायला लावले."

"का बरं?"

"जागा कळंल की."

"अवो, परभणीहून कोण जायलाय तिथं तुमच्या मागं?"

"कोण म्हणून सांगू. लोक बोरीपर्यंत येत्यात."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

गल्लीने ठरवून टाकलं की हा माणूस तीन आठवडे मुलीच्या घरात टीव्ही बघून आला. मलाही हेलिकॉप्टर खरं वाटत नव्हतं. मी एक यादी केली. हेलिकॉप्टरला दारं नव्हती. चालवणारा चड्डीवर होता. वैमानिकही तोच, वाटाड्याही तोच, चहा करणाराही तोच. काकांनी त्याच्याकडे लायसन मागितलं आणि त्याने हसून दाखवलं. बसायच्या आधी माणसांना काट्यावर उभं करून तोललं. नदीचं पाणी दिवसातून दोनदा वर चढतं आणि दोनदा उतरतं. काठावरचा ओंडका मध्येच डोळे उघडतो, ती मगर. आमिष म्हणून रबराचा मासा, आणि त्याला खरा मासा फसतो.

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक कोकणातले आहेत. त्यांना यादी दाखवली. ते म्हणाले, बॅरामंडी म्हणजे तर आमचा जिताडा, खाडीतला मासा, त्याला तिकडे ते नाव. भरती-ओहोटीला खाडीचं पाणी तसंच चढतं-उतरतं. मगरी आहेत. बिनदाराची हेलिकॉप्टरं असतात आणि माणसांना तोलतातही. एकेका ओळीवर मी काट मारत गेले. शेवटी यादीत एकच ओळ उरली, आणि ती प्राध्यापकांना दाखवण्यासारखी नव्हती. मुलीला काय हवं होतं?

ते त्यांनी ओट्यावर कधीच सांगितलं नाही. एका दुपारी खाली आले, सासूबाई झोपल्यात ना ते बघितलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"बाई, तुमी मला कागदाचं सांगितलं होतं."

"हो."

"मग ऐका पुढचं."

त्या सकाळी त्यांना काट्यावर उभं केलं तेव्हा ते चिडले. मी काय ज्वारीचं पोतं हाय का. मग काट्याला टिचकी मारून पुन्हा चढले. पोटाचा फुगवटा वैमानिकाने बघितला आणि काय आहे ते मुलीला विचारलं.  तिने पिशवीतून एक वेगळीच थैली काढली. गळ्यात अडकवायची, तोंड घट्ट बंद होणारी, पाणी न शिरणारी. "बाबा, कागद यात ठेवा. तिथं चिखल-पाणी आहे, भिजतील." तिने ती मुद्दाम आणून ठेवली होती. बाप कागद घेऊनच येणार, हे तिला ठाऊक होतं.

"मला वाटलं, आता मागंल. आता म्हणंल, दाखवा बरं. जावई तर आलाच नव्हता, म्हणजे तिच्याकडंच काम दिलेलं." त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. "तिनं थैली माझ्या हातात दिली आन पाठ फिरवली. तिकडं तोंड करून हुबी राहिली. मी पंचा सोडला, कागद काढले, आत घातले, थैलीला टिचकी मारली. तोवर वळली न्हाई."

 पाचवा प्रश्न माझ्याच अक्षरात कपाटात पडलेला होता. तो या थैलीसाठी होता.

"तरी बी मी दिवसभर वाट बघायलो," ते म्हणाले. खाली जमीन अशी नव्हतीच. पाणी, गवत आणि वळणं घेत गेलेल्या खाड्या. हेलिकॉप्टरमधल्या काट्यालाही त्यांनी हात लांबवून टिचकी मारली, तेव्हा वैमानिक ओरडला. एका खाडीच्या तोंडाशी उतरले. पहिल्या दोन तासांत वैमानिक सांगेल तिथे गळ टाकला, काही लागलं नाही. मग ओहोटीने एका बारक्या ओहळातून गढूळ पाणी बाहेर यायला लागलं आणि ते स्वच्छ पाण्यात मिसळत होतं तिथे काकांनी कोणाला न विचारता टाकला. येलदरीला ते असंच बघत. मांडीएवढा मासा पाण्याबाहेर उडाला. "मरळीवानी. पण हत्ती." दोर हात पोळत ओढला गेला. मुलीने मागून त्यांच्या कमरेला धरून ठेवलं, मगर असलेल्या काठावरून पाय घसरू नये म्हणून. मासा बाहेर घेतला, मापला आणि वैमानिकाने विचारून सोडून दिला. काकांना संशय की तोच मासा तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला दाखवत असणार.

मग चहा. सावलीत दोघंच बसलेली. तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, एक विचारू?"

"मी थैलीवर हात ठेवला," काका म्हणाले. "म्हटलं, आलं."

तिने विचारलं, "येलदरीची तुमची जागा कुठली होती? आता तरी सांगा. इथं कोणी ऐकायला नाही."

बस एवढंच. एवढं विचारायला तिने बापाला जिथे कोणी मागून येऊ शकत नाही अशा ठिकाणी नेलं होतं.

"मग सांगितली तुम्ही?"

काकांनी माझ्या टेबलाला टिचकी मारली. "मी म्हणलो, पिंगळीला."

"काका."

"तोंडातून निघून गेलं, बाई. चाळीस वर्षं तेच निघायलंय."

मुलगी हसली म्हणे. हसली, उठली, कप धुतले आणि परत येईपर्यंत मासे या विषयावर एक शब्द बोलली नाही. उरलेले दहा दिवस तिने चांगलं जेवायला घातलं. विमानतळावर पाया पडली. पण तिच्यात काहीतरी बंद झालं होतं, आणि ते माणसाला कळतं. शंकेखोर माणसाला तर लगेच.

"मग आता फोन करून सांगा," मी म्हणाले.

"फोनवर न्हाई. फोनवर लोक ऐकत्यात. तुमी चला. तुमी बघा आन लिहून घ्या, खाली मी सही करतो. ती आली की तुमी तिच्या हातात द्या. माझं काय सांगावं."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर निघाले. आधी स्टेशनच्या दिशेने, मग वळसा. बोरीला उतरलो. चहावाल्याने न मागता एक बिनसाखरेचा आणि एक साधा असे दोन कप पुढे केले आणि काकांना म्हणाला, "मागची गाडी आज उशिरा हाय." काकांचं लक्ष रस्त्याकडे होतं. चहावाल्याला त्यांची मागची गाडीही माहीत आहे, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं.

येलदरीच्या पुढे पाऊणएक तास चाललो. गुडघा दुखत होता तरी थांबायला तयार नव्हते. दर थोड्या वेळाने मागे वळून बघायचे. शेवटी बाभळीच्या रांगेतून खाली उतरलो. पाण्यात शिरलेला एक सपाट काळा दगड आणि बाजूला पाण्याची अरुंद खाच. एवढंच. मी वही काढली. बाभळींपासून पावलं मोजायला लागले, तेवढ्यात बाजूच्या झाडाखालून आवाज आला.

"काका, लय दिसांनी? तब्येत बरी हाय नव्हं?"

दोन माणसं जाळं सांधत बसली होती. येलदरीचे मासेमार. काका जागेवरच थिजले.

"तुमी मला वळखता?"

"आता ऑपरेटरच्या दगडावर ऑपरेटर आला, त्याला काय वळखायचं."

"कुणाचा दगड?"

"तुमचाच की. आमचा बाप बी त्योच शब्द वापरायचा," दोघांतला थोरला म्हणाला. "बापानं सांगून ठेवलेलं, रविवारी त्या खाचंत जाळं टाकायचं न्हाई. ऑपरेटर चोरून येतंय, येऊ द्या. आपण हावोत हे कळू द्यायचं न्हाई. तुमी बाभळीतून उतरलात की आमी झाडामागं बसायचो. तुमी मेथी घेऊन गेलात की मग आमचं काम." धाकटा हसू दाबत जाळ्याची गाठ मारत होता.

काका दगडावर बसले.  मी वही मिटली. ज्याची खूण अख्ख्या काठाला माहीत आहे त्याची पावलं काय मोजायची.

"का सोडली असंल यांनी जागा?" ते हळूच मला म्हणाले. "काय फायदा?"

"काही नाही, काका."

"काही न्हाई असं नसतंय, बाई."

"असतं कधी कधी. तुमच्या मुलीने पाठ फिरवली, तिला काय फायदा होता? आणि तिचं मी तुम्हाला सांगितलं, त्यात फायदा माझा होता. मला खोल्या सोडायच्या नव्हत्या."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, आता खोल्या गेल्याच. पण ते एवढंच म्हणाले, "ते मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर तुमाला आणलं. ज्याचा फायदा कळतोय त्याचाच भरोसा येतोय." मग खाली वाकून त्यांनी दगडाला टिचकी मारली. एकदा आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

खिशातून फोन काढला. गळ्यातली ती थैली शर्टात सरकवली. तिकडे तेव्हा दुपार असणार.

"बाई, तिकडं बघा जरा."

मी पाठ फिरवली. बाभळींकडे तोंड करून उभी राहिले. मासेमारांना सांगावं लागलं नाही. ते जाळं घेऊन कधीच झाडामागे गेले होते. त्यांना सवय होती.

फोन बराच वेळ वाजला. मग मागून त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, काठावर सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"हां, मीच हाय. न्हाई गं. पिंगळीला न्हाई."